दोन चाळीस

त्या रात्री एमवायच्या चौथ्या मजल्यावर माझी ड्यूटी.
फोन वाजला. अच्युतदादा.
दिवाळीला एक, आणि माझ्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी एक,
वर्षाला एवढेच ज्याचे फोन,
त्याचा, रात्री दोन चाळीसला.
मला वाटलं, वहिनीला काही झालं.
तो म्हणाला, "सुलू, लाइट आहे का तुमच्याकडे?"

मी वर पाहिलं. ट्यूब होती, तिच्याभोवती किडे.
सहा नंबरच्या आजोबांना व्हेंटिलेटर
श्वास मोजून देत होतं, वाण्यासारखं, ना कमी ना जास्त.
"आहे. का रे?"
"खिडकीतून बघ. पलीकडे?"
पलीकडे टपरीवर बल्ब,
त्याखाली कुणाचा तरी नातेवाईक, चपला उशाला घेऊन.
"आहे रे बाबा, सगळीकडे आहे."
"बरं," म्हणाला,
आणि कितीतरी वेळ फोन ठेवला नाही.
त्याच्यामागे कुणीतरी आकडे वाचत होतं,
लग्नात आहेराची यादी वाचतात तसं, सावकाश.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं :
२.४०. सहा नंबर. नाडी ब्याण्णव. विशेष काही नाही.

महूला शिकला तो. इथून तेवीस किलोमीटर.
आई दूधवाल्याबरोबर डबा पाठवायची,
डबा घासून परत यायचा, आत चिठ्ठी : भाजीत मीठ जास्त.
लेफ्टनंट असताना तारेची रिळं खांद्यावरून वाहिली,
लेहला बर्फ फोडून केबल पुरली.
ते आम्हाला कळायचं. सुट्टीत हात दाखवायचा, भेगा पडलेले,
आणि जाताना ट्रंकेत जीरावनाची पाकिटं न्यायचा, मोजून बारा.
कर्नल झाला आणि हात मऊ झाले.
दाखवण्यासारखं काही उरलं नाही.

"आता काय करून राहिलास तू?" बाबा विचारायचे,
आमच्या इंदुरी मराठीत, पुण्याच्या वहिनीला जी अजून खुपते.
"दारं लावतो."
"कुणाची?"
"सगळ्यांची."
बाबांना ते शिपायाचं काम वाटलं.
शेजारच्या मुंगींना म्हणाले, कंप्युटरमध्ये आहे.
मुंगींनी प्रिंटर पाठवला.
दादाने तो दुरुस्त करून दिला,
ब्रिगेडियर अच्युत देवासकर, बनियनवर, ओसरीत,
बोटांना शाई.

पदक मिळालं. प्रशस्तिपत्रात चार ओळी.
जागा नाही, तारीख नाही, शत्रूसुद्धा नाही.
"अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत", आणि पुढे
कुणी तरी खोडरबर फिरवल्यासारखी वाक्यं.
आईने ते फ्रेम करून दारासमोर लावलं.
पाहुणे विचारत, कुठली लढाई?
"हिवाळ्यातली," आई म्हणे.
आणि चहा टाकायला आत जाई.

निवृत्त होऊन तो सुदामानगरला परत आला.
सकाळी उठून कुंड्यांना पाणी घालतो,
रात्री गॅस दोनदा बघतो.
त्या फोनबद्दल मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
त्या रात्री इतर कुठल्या गावात
कुणाच्या बहिणीला त्याच्या माणसांनी उठवलं असेल,
की फक्त मलाच, कुणास ठाऊक.

मागच्या महिन्यात आईला फोन आला.
बँकेतून बोलतोय, म्हणाला.
आईने सहा आकडे सांगितले, नीट, चष्मा लावून.
चौऱ्याहत्तर हजार.
दादा तेव्हा गच्चीवर कढीपत्ता छाटत होता.

तो रागावला नाही. तक्रारीचा फोन लावला,
मग तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला, गुडघे करकरले.
"आवाज कसा होता गं?"
आईने आठवून पाहिलं.
"तुझ्यासारखा," म्हणाली, "काळजीचा.
आधी विचारलंन, घरी सगळं ठीक आहे ना."

दादाने मान हलवली.
पेन मागितलं,
आणि वेळ लिहून घेतली.